महिना बघून मागवा : जळगाव-धुळ्याच्या ताटातलं काय घ्यावं, काय सोडावं

जळगावात स्टेशनाजवळ किंवा धुळ्याला महामार्गावर जेवायला बसलात, तर पुढ्यात येणारं मेनूकार्ड बहुधा खान्देशाचं नसतं. पहिली दोन पानं पनीरची, तिसरं चायनीजचं, मग कुठेतरी 'व्हेज कोल्हापुरी', आणि शेवटच्या पानाच्या तळाशी 'खान्देशी स्पेशल' म्हणून चार ओळी : शेवभाजी, वांग्याचं भरीत, पातोडी रस्सा, डाळ-बट्टी. या चार ओळी बारा महिने छापलेल्या असतात. पदार्थ मात्र बारा महिने सारखे नसतात. डिसेंबरातलं भरीत आणि मे महिन्यातलं भरीत यांचं नाव एक, दरही एक. पण डिसेंबरातल्या भरितासाठी माणूस वाट वाकडी करतो आणि मेमधलं भरीत अर्धं ताटात टाकून उठतो.

म्हणून खान्देशात जेवण मागवण्याचा क्रम उलटा ठेवावा. आधी महिना बघावा, मग आपण कोणत्या गावात आहोत ते बघावं, आणि मेनूकार्डाकडे सर्वांत शेवटी वळावं.

बेटावरचा भात, तापीकाठची भाकरी

ही गोष्ट फक्त खान्देशाची नाही. इटलीत व्हेनिसजवळच्या खाजणात तोर्चेलो नावाचं लहानसं बेट आहे. जुझेप्पे चिप्रियानी यांनी 1930 च्या दशकात तिथे 'लोकांदा चिप्रियानी' ही खाणावळवजा सराई सुरू केली. 1948 च्या हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे तिथे मुक्कामाला होता, त्यामुळे जगभरचे प्रवासी आजही त्या बेटावर जातात. तिथला नाव घेण्यासारखा पदार्थ कोणता? बेटावरच्या भाज्या घालून केलेला भात, 'रिझोत्तो आल्ला तोर्चेल्लाना'. जवळच्याच बुरानो बेटावर खाजणातल्या चिखलात सापडणाऱ्या लहान माशांच्या रश्शात तसाच भात शिजतो. तिथे बसून कुणी रोमची किंवा नेपल्सची खासियत मागवली, तर ती मिळेलही. पण मग बेटावर जायचं कारण उरत नाही.

जळगावात सोलकढी मागणाऱ्या पाहुण्याचं हेच होतं. खान्देशाच्या स्वयंपाकात ओला नारळ जवळपास नाही. आहे ते सुकं खोबरं, तेही व्यापाऱ्यांच्या वाटेने आलेलं, आणि ते भाजून काळं करूनच मसाल्यात जातं. इथे ताक मागावं.

शेताचं जेवण आणि डब्याचं जेवण

खान्देश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, मधून तापी, दक्षिणेकडून तिला मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या. इंग्रजांनी 1906 मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्व खान्देशचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खान्देशचा धुळे. आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जमीन काळी, कापसाची. उन्हाळा मात्र असा, की भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांवर गेल्याची बातमी दर वर्षी छापून येते.

या हवेने इथल्या स्वयंपाकाचे दोन भाग पाडले. पावसाळ्याच्या शेवटापासून फाल्गुनापर्यंत शेतात हिरवं काही ना काही असतं : वांगी, गिलकी, मेथी, कांद्याची पात, ओली तूर. हे झालं शेताचं जेवण. फाल्गुन सरला की शेत करपतं आणि घरातले डबे उघडतात : बेसन, शेव, डाळी, उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे, काळा मसाला. हे डब्याचं जेवण. ज्या उन्हाने शेत जाळलं, त्याच उन्हात वर्षभराचे पापड आणि बिबडे वाळवून घ्यायचे, ही इथल्या बायांची जुनी हुशारी.

हॉटेलाला डब्याचं जेवण सोयीचं, कारण ते नासत नाही आणि बारा महिने करता येतं. म्हणूनच शेवभाजी सगळीकडे मिळते. शेताचं जेवण मात्र विचारून, शोधून, वेळ साधून मिळवावं लागतं. पाहुण्याने ज्यासाठी धडपड करावी असं जे आहे, ते बहुतेक याच भागात सापडतं.

कार्तिक ते माघ : भरीत, आणि दुसरं काही नाही

दिवाळीनंतर थंडी पडली की जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात भरिताची दुकानं सुरू होतात. काही फक्त मोसमापुरतीच उघडतात. या दिवसांत जळगावात असाल, तर मेनूकार्ड उघडूच नका, भरीत मागवा.

भरिताचं वांगं वेगळं असतं. जांभळं नाही, फिकट हिरवं. मोठं, गुबगुबीत, आत बिया कमी आणि गर भरपूर. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यासाठी नाव मिळवून आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी मिळालं.

नुसत्या वांग्याने भरीत होत नाही. खान्देशात वांगी भाजतात ती कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या काड्यांवर. या काड्या भडकन पेटतात, जाळ मोठा आणि झटपट देतात. साल करपते, आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि धुराचा वास धरतो. गॅसच्या शेगडीवर जाळ एकाच जागी लागतो, धूर नसतो. वांगं मऊ होतं पण त्याला चव चढत नाही. कपाशीचं पीक आणि भरिताचं वांगं एकाच मुलखात असणं हे या चवीचं खरं कारण आहे.

भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत मुसळीने ठेचतात. मिक्सरचं पातं गराचा लगदा करतं. ठेचल्यावर त्याचे धागे शिल्लक राहतात. मग तेलात लसूण आणि ठेचलेली हिरवी मिरची, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. भरीत लालसर दिसलं, तर ते पंजाबी बैंगन भरता आहे असं समजावं. तोही चांगला पदार्थ आहे, पण त्यासाठी जळगावला यायची गरज नव्हती.

मागवताना दोन प्रश्न विचारावेत : वांगी काड्यांवर भाजली का, आणि फोडणीचं आहे की कच्चं? कच्च्या भरितात धूर जास्त कळतो, फोडणीच्यात मिरची-लसूण. पहिल्यांदा खाणाऱ्याने फोडणीचं घ्यावं. सोबत पुरी देतात, भाकरीही देतात. शहरात भरीत-पुरीची जोडी रूढ आहे. शेतातल्या भरीत पार्टीत, केळीच्या पानावर, भाकरीच शोभते.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. चातुर्मासात वांगं न खाण्याचा नेम अनेक घरांत पाळतात आणि तो मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुटतो. पावसाळ्यात वांग्याला कीड फार, चवही कमी. धर्माने आणि शेतीने एकच वेळापत्रक आखून दिलं आहे, तेच पाहुण्यानेही पाळावं.

भाकरी कोणती, ते आधी ठरवा

भाजी नंतर, आधी भाकरी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त खान्देशाचं वर्णन लिहिलं, त्यात इथलं मुख्य पीक ज्वारी असल्याची नोंद आहे. काही ठिकाणी वर्षात ज्वारीची तीन पिकं निघतात आणि तिचा धांडा इतका गोड असतो, की लोक तो फळासारखा खातात, असंही तो सांगतो. मिरची, शेंगदाणा आणि मका हे तिन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या येण्यानंतर आपल्याकडे पोचले. म्हणजे आजच्या खान्देशी ताटातली सर्वांत जुनी माणसं कोण, तर ज्वारी, उडीद आणि वांगं. तिखट रस्सा हा मागाहून आलेला पाहुणा.

ज्वारी आणि उडीद एकत्र येतात ते कळण्याच्या भाकरीत. चारेक भाग ज्वारी, एक भाग सालीसकट काळे उडीद, चवीला मीठ, आणि सगळं एकत्र दळायचं. प्रमाण घरागणिक बदलतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीची भाकरी थापताना चिरते आणि निवल्यावर कडक होते. उडदाच्या चिकटपणामुळे पीठ धरून राहतं, भाकरी मऊ राहते. शिवाय धान्यात जी प्रथिनं अपुरी असतात, ती डाळ भरून काढते. दिवसभर शेतात राबणाऱ्याला न्यायला यापेक्षा सोयीची शिदोरी नव्हती.

ही भाकरी कार्डावर नसली तरी विचारावी. 'भाऊ, कळण्याची मिळेल का?' एवढं म्हटलं की वाढपी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. मिळाली, तर पहिली भाकरी भाजीशिवाय खावी : हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल, बुक्कीने फोडलेला कांदा. भरीत मोसमात असेल तर मग भरीत. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, साक्री-पिंपळनेरच्या डोंगराळ भागात गेलात, तर तिथे नागलीची भाकरी विचारा. तो वेगळाच मुलूख आहे.

शेवभाजी : धुळ्याच्या रस्त्यावरची राणी

जळगाव भरिताचं, तर धुळं शेवभाजीचं, असं म्हटलं तर जळगावकर भांडतील, कारण शेवभाजी त्यांच्याकडेही तितकीच होते. पण शेवभाजी हा रस्त्यावरचा पदार्थ आहे, आणि रस्ते धुळ्याकडे आहेत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. सोलापूरकडचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. मध्यरात्री ट्रक थांबवणाऱ्या ड्रायव्हरला दहा मिनिटांत गरम, तिखट, पोटभर असं काहीतरी हवं असतं. ढाब्यावर रश्श्याचं वाटण तयार असतं आणि शेव डब्यात असते. भाजी निवडायला नको, चिरायला नको.

रश्शाचा जीव काळ्या मसाल्यात आहे. कांदा आणि सुकं खोबरं जवळपास काळं होईपर्यंत भाजायचं, त्यात लसूण, आलं, धणे, दगडफूल, लवंग-मिरी आणि लाल मिरची. मिरची जवळची : नंदुरबार आणि दोंडाईचा हे मिरचीचे मोठे बाजार आहेत. तेलही सढळ, कारण हा मुलूख तेलबियांचाच. आज संगणकाच्या व्यवसायासाठी जगभर ओळखली जाणारी विप्रो कंपनी 1945 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तूप काढण्यासाठी सुरू झाली. तेव्हा तिचं नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. मोहम्मद हाशम प्रेमजींनी कारखान्यासाठी अमळनेर निवडलं, त्यात आसपासच्या भुईमुगाचा वाटा मोठा होता. रश्श्यावर बोटभर तर्री तरंगते तिच्यामागे हा इतिहास आहे.

शेव लागते ती जाड, तिखट, लसणाची. बाजारात तिला तुरखाटी शेव म्हणतात. चहासोबत खायची बारीक शेव चालत नाही, ती रश्श्यात पडताच विरघळते. जाड शेवही पाच-सात मिनिटांत रस्सा पिऊन फुगते आणि तिचं बेसन रस्सा दाट करतं. म्हणून मागवण्याचा नियम असा : शेव वेगळी मागा, रस्सा वेगळा मागा, आणि ताटात आल्यावर स्वतः घाला. पहिले चार घास शेव कुरकुरीत असताना, पुढचे ती मऊ पडल्यावर. एकाच वाटीत दोन भाज्या. तिखट सोसत नसेल तर 'तर्री कमी' असं आधीच सांगावं. नंतर त्यात दही कालवणं म्हणजे स्वयंपाक्याचा अपमान.

याच रश्श्यात बेसनाच्या वड्या सोडल्या की पातोडीचा रस्सा होतो. शेवभाजी ढाब्याची, पातोडी घरची. दोन्हींतून एकच घ्यायची असेल आणि वेळ हाताशी असेल, तर पातोडी घ्या. वड्या त्याच दिवशी थापलेल्या आहेत का, एवढं मात्र विचारा. सामिष खाणाऱ्यांनी काळ्या मसाल्यातलं मटण आणि बाजरीची किंवा कळण्याची भाकरी घ्यावी, त्यासोबत दुसरी भाजी घेऊ नये.

वरण-बट्टी : पंगतीत बसून खायचं जेवण

कार्डावर 'डाळ-बट्टी' छापलेलं असलं तरी घरोघरी ती वरण-बट्टी. राजस्थान-माळव्याच्या बाटीची ही बहीण, पण वळण निराळं. गव्हाच्या जाडसर पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ आणि मोहन घालून गोळे करतात. ते वाफवतात किंवा भाजतात, मग कापून तळतात. मक्याच्या पिठाने बट्टी खुसखुशीत होते. ताटात ती कुस्करायची, वर तुरीचं साधं वरण आणि तूप. सोबतीला वांग्याची घोटलेली भाजी : हिरवी वांगी, हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे एकत्र शिजवून घोटलेली. ही भाजी नसेल तर वरण-बट्टी मागवण्यात अर्थ नाही.

हे जेवण भंडाऱ्याचं आणि लग्नाच्या पंगतीचं. शंभर माणसांसाठी रांधलं की उत्तम होतं. हॉटेलात चार बट्ट्या सकाळी तळून ठेवतात आणि रात्री गरम करून देतात. पंगतीचं आमंत्रण आलं तर नाही म्हणू नका. हॉटेलात मात्र दुपारच्या जेवणालाच मागवा, रात्री नको.

वैशाख : आखाजीची पोळी

अक्षय तृतीया म्हणजे खान्देशाची आखाजी, दिवाळीच्या बरोबरीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. बहिणाबाई चौधरी (1880-1951) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची याच सणावर कविता आहे. या दिवशी घरोघरी खापराची पुरणपोळी होते, तिलाच मांडे म्हणतात.

ही पोळी लाटून पूर्ण होत नाही. कपड्याने गाळलेल्या गव्हाच्या पिठाची कणीक चांगली मळून, तिंबून ठेवतात. त्यामुळे तिला इतका ताण येतो, की ती फाटल्याशिवाय पसरते. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत मोठी करतात आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. पातळ, हातभर रुंद, रुमालासारखी घडी पडणारी. सोबत आमरस, तिखट रशी, कुरडई आणि पापड.

हे नेहमीच्या हॉटेलात मागवू नये, कारण खापर तापवून ठेवणारी आणि पोळी हातावर फिरवणारी बाई तिथे सहसा नसते. वैशाखात खान्देशात ओळखीचं घर असेल तर तिथे जा. नसेल, तर बचत गटांचे खाद्यमहोत्सव गाठा. पुण्याच्या भीमथडी जत्रेतही मांड्यांचे स्टॉल लागतात. पोळी डोळ्यांदेखत खापरावरून उतरली तरच घ्यावी.

श्रावण : जे मागवता येत नाही

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. तिच्या रोटांचं पीठ घरातल्या माणसांच्या मापाने मोजून दळतात, आणि रोट भाऊबंदकीतच खातात. बाहेरच्याला देत नाहीत. सोबत गंगाफळाची भाजी, खीर, पुरण. हा स्वयंपाक कुठल्याही कार्डावर सापडणार नाही आणि पैसे मोजूनही मिळणार नाही. या दिवसांत बाहेर जेवायचं, तर गिलक्याची भजी आणि फुणके-कढी विचारा. भिजवलेल्या डाळी जाडसर वाटून, मुटके करून वाफवतात ते फुणके. गरम कढीत कुस्करून, वर लसणाची फोडणी घेतली, की पावसात दुसरं काही आठवत नाही.

थोडक्यात

जळगाव, यावल, रावेरकडे हिवाळ्यात : भरीत, कळण्याची भाकरी किंवा पुरी, कच्चा कांदा. धुळ्याच्या महामार्गावर कधीही : शेव वेगळी मागवून शेवभाजी, सोबत भाकरी आणि ताक. उन्हाळ्यात : पातोडी रस्सा, भाजलेला बिबडा, आणि जमलं तर कुणाच्या तरी घरी मांडे-आमरस. पावसाळ्यात : फुणके-कढी. निघताना केळीचे वेफर्स घ्या. जळगावची केळी रेल्वेने आणि ट्रकने उत्तर भारताकडे जातात, इथल्या हॉटेलच्या ताटात क्वचितच दिसतात. वेफर्स मात्र दुकानात डोळ्यांसमोर कढईतून निघतात. थंडीत मेहरूणची बोरं दिसली, तर तीही सोडू नका.

आणि 'खान्देशी थाळी' मागवू नका. त्या थाळीत भरीत, शेवभाजी, पातोडी, बट्टी आणि मांडा असे पाच मोसमांचे पाच पदार्थ पाच लहान वाट्यांत येतात. त्यांतला एकच त्या दिवसाचा असतो, बाकीचे चार कार्डाची जागा भरायला असतात. तो एक कोणता, हे वाढप्याला विचारा आणि तेवढाच पोटभर मागवा. खान्देशी घरात रोजचं जेवण असंच असतं : एक भाकरी, एक भाजी, एक ठेचा.